टीम नसलेले टेंबेकाका

अमेरिकन फुटबॉलमधल्या एखाद्या क्वार्टरबॅकची दुसऱ्या टीमशी अदलाबदल झाली, अशी बातमी कुणी आणली की टेंबेकाका सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचे. "त्याची मुलं कितवीत आहेत?"

बाकीची मंडळी घसा फोडून भांडत असायची. त्याच्या खांद्याचं ऑपरेशन नीट झालंय का, त्याच्या बदल्यात किती होतकरू पोरं द्यावी लागतील, म्हाताऱ्या घोड्यावर एवढा जुगार खेळावा का. काका मात्र भडंगाचा बकाणा भरून, तो पूर्ण संपवून, मग सावकाश म्हणायचे, "ते सगळं ठीक आहे रे. पण मार्चमध्ये कोण शाळा बदलतं? थोरली इयर सिक्सला, प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला असली तर?" वाद तिथेच थांबायचा. अमेरिकेतल्या कुठल्याशा कोट्यधीश खेळाडूच्या थोरलीची काळजी करत आम्ही लंडनजवळच्या स्लाऊमध्ये चहा प्यायचो.

मी पुण्याहून स्लाऊला आले ती एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला. चुका शोधण्याचे पैसे मिळतात हे ऐकून माझ्या घरच्यांना फार बरं वाटलं होतं, कारण इतकी वर्षं मी ते फुकट करत होते. ऑफिसात नीलेश नावाचा एक नागपूरकर होता. तो फोनवर बोलायला लागला की शेजारच्या मीटिंगरूमचं दार आतून लावलं जायचं. त्यानेच मला पहिल्यांदा टेंबेकाकांकडे नेलं. "खेळ नाही समजला तरी चालते. भडंग तर खाशील ना," एवढंच तो म्हणाला, आणि ते पुरेसं होतं. इथे येऊन मी एकटीने जेवायला कंटाळले होते.

काकांचं घर म्हणजे कोपऱ्यावरचं एक सेमी-डिटॅच्ड जोडघर, पुढे गुलाबाची दोन झुडपं, मागे काचेची कॉन्झर्वेटरी. अमेरिकेत दुपारी सुरू होणारा सामना इथे रविवारी संध्याकाळी लागतो, त्यामुळे साडेपाचपासून दारात बुटांचा ढीग जमायला लागायचा. भडंग काकांनी स्वतः कालवलेलं. मूळचे सांगलीचे, त्यामुळे या बाबतीत कुणावर विश्वास नव्हता. ते ज्यात कालवलेलं असायचं तो भांडी घासायचा निळा प्लास्टिकचा टब होता. "फक्त यासाठीच घेतलाय," असं ते प्रत्येक नव्या पाहुण्याला बजावून सांगत. काकू जाऊन काही वर्षं झाली होती, पण भिंतीवरच्या फोटोत त्या टीव्हीकडे तोंड करूनच होत्या.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, शिट्टी वाजते, मग बराच वेळ सगळे उभे राहून चर्चा करतात. मी म्हटलं, "काका, ही तर सोसायटीची मीटिंग आहे." ते रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"हे बघ. पंगत बसलीय. ताटं मांडलीत. श्रीखंडाचं भांडं एकाच्या हातात आहे आणि पंचवीस जण त्याच्या अंगावर धावून येताहेत. त्याने क्षणात ठरवायचं, कुणाच्या पानात वाढायचं. तो क्वार्टरबॅक."

"आणि भांडं हिसकावून घेतलं तर?"

"तर यजमानाची शोभा."

त्यानंतर मला खेळ कळायला लागला असं नाही, पण बघावासा वाटायला लागला.

खोलीत प्रत्येकाची एकेक टीम होती. कुणी शहरावरून निवडलेली, कुणी टी-शर्टच्या रंगावरून. नीलेशने तर ज्या टीमने आदल्या वर्षी कप जिंकला तीच घेतली होती आणि त्याबद्दल त्याला जराही लाज नव्हती. टीम नव्हती ती फक्त काकांना. सगळ्यांच्या वादात न्यायाधीश तेच, कुणी कुणाला विकलं, कुठल्या मालकाने कुठलं गाव बुडवलं याचा अख्खा इतिहास त्यांना पाठ, पण "तुमची टीम कुठली?" असं विचारलं की म्हणायचे, "ती आता नसते."

ती गोष्ट त्यांनी आम्हाला एका डिसेंबरात सांगितली. काका तरुणपणी इंग्लंडला आले तेव्हा लंडनच्या हाउन्सलोला एका खोलीत तिघं राहायचे. विमानतळावर कार्गोच्या शेडमध्ये काम. रविवारी सुट्टी मिळाली तर घरमालकाच्या टीव्हीवर या खेळाचा एक तासाचा कार्यक्रम लागायचा. पहिल्यांदा बघितला तेव्हा पडद्यावर बर्फ पडत होता. लॅम्पलाइटर्स नावाची टीम, म्हणजे दिवे लावणारे. आम्ही सगळे या नावाला हसलो, कारण मराठीत दिवे लावणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. काका हसले नाहीत.

"हरत होते गं. वाईट हरत होते. पण स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं घोंगड्या गुंडाळून तशीच बसलेली. कुणी उठून जाईना. मला त्या वेळी या देशात कुणी ओळखत नव्हतं. मी म्हटलं, ही आपली माणसं."

काही वर्षं ते लॅम्पलाइटर्सचे होते. मग मालकाने नवं स्टेडियम मागितलं, आणि कारखाने बंद पडलेल्या त्या गावाला ते देता आलं नाही. मालकाने टीम उचलली आणि दूर वाळवंटातल्या एका श्रीमंत शहरात नेली. नाव तेच, कंदिलाचं चिन्ह तेच, जुने विक्रमसुद्धा सोबत नेले. काकांना राग आला तो जाण्याचा नाही, या शेवटच्या गोष्टीचा.

"गाव सोडायचं तर सोड ना बाबा. पोटासाठी सगळेच सोडतात. पण नाव ठेवून जा. रंग ठेवून जा. जिंकलेलं-हरलेलं त्या माणसांचं आहे, ते त्यांच्याकडे राहू दे. तिकडे जाऊन दुसरं काहीतरी हो."

नीलेश गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "मग काका, तुम्ही सांगलीहून आले तेव्हा नाव ठेवून आले काय?"

"आलो की. तिथे मी अव्या होतो. इथे मला अव्या म्हणणारं कोण आहे, दाखव."

नीलेशने भडंगाची वाटी पुन्हा भरून घेतली आणि विषय बदलला.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी ते वाळवंटातले लॅम्पलाइटर्स लंडनला एक सामना खेळायला आले. नीलेशने सगळ्यांकडून वर्गणी काढून काकांसाठी आमच्याबरोबरचं तिकीट घेतलं आणि त्यांना न विचारता हातात ठेवलं. काका नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते आले. कपाटातून जुना, कडा विरलेला मफलर काढून गळ्यात घालून आले. मूळ टीमचे रंग, तपकिरी आणि पिवळा. स्टेडियममध्ये आजूबाजूला सगळे चांदी-जांभळ्यात, कारण नाव नेलं तरी पुढे रंग बदलले होते. लॅम्पलाइटर्सनी पहिला टचडाउन करून गुण घेतले तेव्हा नीलेशने काकांना मिठीच मारली. काकांनी त्याचा हात हळूच बाजूला केला. "कोण हे?" एवढंच म्हणाले.

मध्यंतरात एक थोराड अमेरिकन माणूस काकांच्या मफलरकडे बघत पायऱ्या चढून आला. तो त्या जुन्या गावचाच होता. त्याचे वडील त्या घोंगडीवाल्यांत बसायचे. दोघं शेवटपर्यंत बोलत उभे राहिले, मध्ये चिप्स आणल्या, काकांनी चक्क त्याच्या खांद्यावर हात टाकला. इतके खुललेले काका मी तोवर पाहिले नव्हते. पण परतताना एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनमध्ये ते मान हलवत बसले.

"काय झालं काका?"

"माणूस फितूर निघाला. नातवंडं त्या वाळवंटात राहतात म्हणे. म्हणून हा पण आता त्यांच्याच बाजूने ओरडतो."

"मग काय करायचं त्याने? नातवंडांशी भांडायचं?"

साउथॉल स्टेशन आलं, गेलं. मग काका मफलर काढून त्याची घडी करत म्हणाले, "वडील गेल्यावर जुनं घर विकलं म्हणाला. काय बोलणार."

आता एक गंमत सांगायला हवी, नाहीतर काका म्हणजे कायम कुढणारा म्हातारा वाटायचे. स्लाऊची आमची वस्ती म्हणजे धर्मशाळा. व्हिसा, नोकरी, मुलांची शाळा, काही ना काही कारण निघतं आणि माणसं मँचेस्टरला, ग्लासगोला, कुठे कुठे निघून जातात. कुणी जायचं ठरलं की काका रविवारी सामन्याच्या आधी उभे राहून त्याची अधिकृत अदलाबदल जाहीर करायचे. "स्लाऊ कुणाला फुकट सोडत नाही," हे त्यांचं वाक्य. मग घासाघीस. ग्लासगोला एक जोडपं गेलं, तेव्हा काकांनी त्यांच्या बदल्यात एक इडलीपात्र आणि उन्हाळ्यात कुणालाही दोन रात्री राहायची सोय मिळवली. लेस्टरला गेलेल्या एकाच्या बदल्यात आम्हाला दुधी भोपळ्यांची अख्खी पेटी आली. हसून हसून मुरकुंडी वळायची.

पण त्या विनोदाच्या मागे काय होतं ते मला उशिरा कळलं. ती घासाघीस खरी असायची. काका त्या गावातल्या कुणाला तरी शोधून काढून फोन करायचे. ओळखीच्या ओळखीतून, देवळातून, ढोलपथकातून. "आमचा चांगला माणूस देतोय. पहिले काही दिवस जेवायला बोलवा. एकटा पडू देऊ नका." इडलीपात्र हे निमित्त. जाणाऱ्याला नव्या गावात पहिल्या आठवड्यात एक दार उघडं मिळायचं आणि ते कुणी उघडवलं हे त्याला माहीतही नसायचं. मला हे कळलं ते ग्लासगोच्या त्या मुलीकडून, आणि त्या दिवशी मला काकांचा इतका अभिमान वाटला की मी ऑफिसात कुणाचीही चूक काढली नाही.

मग गेल्या जानेवारीत काका बाथरूममध्ये घसरून पडले. उजवं मनगट मोडलं. उठता येईना, फोन खाली किचनमध्ये. समोरच्या घरातल्या बाईंना दिवसभर पडदे बंद दिसले म्हणून त्या चौकशीला आल्या, तोवर ते टाइल्सवर पडून होते.

त्यांची मुलगी मधुरा दूर उत्तरेकडच्या न्यूकॅसलहून आली. फार्मसिस्ट आहे, जन्म इथलाच. तिकडे तिच्या घरी खाली एक खोली काकांसाठी तयार करून घेतलेली, शॉवरला धरायला दांडे लावलेले. पण काका तिच्याकडे राहायला जायला तयार नव्हते. शेवटी तिने नीलेशला आणि मला गाठलं.

"तुम्ही सांगा ना बाबाला. माझा ऐकतच नाही तो. आय कान्ट डू दिस एव्हरी टाइम द फोन रिंग्ज. फोन वाजली की मला वाटते, बाबा परत पडला."

आम्ही म्हटलं, सांगतो. आणि मग आम्ही जे केलं ते फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात. आम्ही स्लाइड्स बनवल्या. मी तक्ते केले, नीलेशने गोळाबेरीज केली. ज्या ज्या टीम गाव सोडून गेल्या आणि पुढे नव्या गावात चॅम्पियन झाल्या, त्यांचा इतिहास. रविवारी काकांच्याच टीव्हीवर काकांनाच ते दाखवायचं. त्यांची भाषा, त्यांचा विषय. आम्हाला आमच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

काका प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसले होते. पहिल्या स्लाइड्सना त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या आम्ही मान्य केल्या. सगळं छान चाललं होतं. मग नीलेशने शेवटची स्लाइड लावली. नदीवरच्या पुलाचा फोटो, आणि वर मोठ्या अक्षरांत: टेंबेकाका, न्यूकॅसल.

"म्हणजे काका, तुम्ही कुठेबी गेले तरी आमचे टेंबेकाकाच ना! नाव तेच, रेकॉर्ड तेच..."

त्याचं वाक्य पूर्ण झालं नाही. काका उभे राहिले. त्यांना चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बंद कर ते. इतकी वर्षं इथे बसून काय ऐकलंस तू माझं? टेंबेकाका म्हणजे काय मी आहे होय? ही खोली आहे. हे बूट आहेत दारातले. तुम्ही आहात. ते उचलून कसं नेणार मी तिकडे? तिकडे कोण आहे?"

नीलेश रिमोट शोधत होता. काका पुन्हा खुर्चीत बसले, आणि पुढचं ते आमच्याशी नाही, टीव्हीशी बोलल्यासारखं बोलले.

"एकदा अनोळखी होऊन झालंय माझं. तेव्हा वय होतं, आणि नंतर ती होती बरोबर. बसस्टॉपवर उभं राहायचं, कुणीतरी बोलेल म्हणून. हवेबद्दल तरी बोलेल. आता परत तेच? मला भीती वाटते रे. पडायची नाही वाटत. त्याची वाटते."

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नव्हता, कारण नीलेशलाही आलं होतं आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

मधुरा किचनच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सगळं तिने ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवून ती काकांच्या पायाशी गालिच्यावर बसली.

"बाबा, ठेव ना मग इथे. टेंबेकाका इथेच ठेव. मला नको आहे तो." ती शब्द शोधत होती. "लहान असताना पण दर संडेला घरात सगळे असायचे. सगळ्यांचा काका. आय नेव्हर गॉट यू. तू तिकडे कोणाची काका नको होऊस. नुसता माझा बाबा हो. दॅट्स ऑल आय वॉन्ट."

काकांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. मग नाक पुसलं आणि विचारलं, "तुझ्याकडे टीव्ही केवढा आहे?"

एप्रिलमध्ये काका न्यूकॅसलला राहायला गेले. बदल्यात स्लाऊला काय मिळणार, हा विषय कुणी काढला नाही. नीलेशने न्यूकॅसलच्या मराठी मंडळींना फोन लावून ठेवतो असं सुचवलं, निदान एकदा जेवायला तरी बोलावतील. काका म्हणाले, "नको. तू कुणाला काही सांगू नकोस." का, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही निळा टब घेऊन जायला सांगितला तर तोही ठेवून गेले.

रविवार आता नीलेशच्या फ्लॅटवर भरतो. तो भडंग वाईट करतो, तेल जास्त घालतो. पण शनिवारी त्याचा मेसेज येतो तो असाच, "उद्या टेंबेकाकांकडे येतेस ना?" नव्याने आलेल्या पोरांना टेंबेकाका कोण ते माहीत नाही. त्यांना ते जागेचं नाव वाटतं, आणि आम्ही सुधारत नाही.

फोनवर काका त्रोटक बोलायचे. "बरं आहे. गार आहे. ठेवतो." मी मधुराला विचारलं तर म्हणायची, "ही इज आउट अ लॉट." कुठे जातात हे तिलाही नीट सांगता येईना. बसस्टॉपचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. जुलैत ऑफिसच्या कामाला न्यूकॅसलला जायची वेळ आली तेव्हा मी संध्याकाळची परतीची ट्रेन मुद्दाम उशिराची घेतली. मधुराच्या घरी गेले तर ती म्हणाली, पार्कमध्ये बघ, गेटच्या डावीकडे.

डावीकडे एक हिरवळ होती, टेबलाच्या कापडासारखी सपाट. पांढऱ्या कपड्यांतली दहाबारा म्हातारी माणसं काळे जड गोळे जमिनीवरून हळूच सोडत होती. लॉन बोल्स म्हणतात त्याला. गोळा एका बाजूला जड असतो, त्यामुळे तो सरळ न जाता वळत जातो, आणि दूरच्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ थांबवायचा असतो. त्यांच्यात काका होते. पायात कुणाचे तरी मागून आणलेले सपाट तळव्यांचे बूट, मोठे होत होते, चालताना टाच बाहेर येत होती. मी कुंपणाशीच थांबले.

काकांची पाळी आली. ते गुडघ्यात वाकले, मनगट सांभाळून गोळा सोडला. तो छान निघाला, आणि मग उलट्याच बाजूला वळला. वळत वळत थेट शेजारच्यांच्या खेळात शिरला आणि तिथल्या बायकांच्या पायांशी जाऊन थांबला. त्यांनी गोळा उलटा धरला होता. सगळी हिरवळ हसली. "राँग वे राउंड, पेट!" एक आजी ओरडल्या; तिकडे कुणालाही लाडाने पेट म्हणतात. क्षणभर मला फार लागलं ते. ज्या माणसाच्या एका प्रश्नाने आमची खोली गप्प व्हायची, त्याला इथे साधा गोळा धरता येत नव्हता.

पण काका गुडघ्यांवर हात ठेवून, पोट हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग आपला गोळा परत आणायला त्या बायकांकडे गेले. एकीने तो हातात देऊन त्यावरची खूण दाखवली, कुठली बाजू आत ठेवायची ते समजावलं. काका मान डोलवत ऐकत राहिले, आणि मग त्यांनी तिला आणखी काहीतरी विचारलं.

परत येताना त्यांना मी दिसले. त्यांनी आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. हातातल्या गोळ्यानेच मला बाकाकडे खूण केली.

"ये, ये. बस इथे. यातलं मला अजून काही म्हणजे काही कळत नाही."